श्वासाच्या अंतरावर

म्हातारीला चौथी ओळ दिसत नव्हती. तिसरीवरही ती अडखळत होती, आणि अडखळली की तक्त्यावरच राग काढत होती, अक्षरं बारीक कशाला काढता म्हणून. तो नेहमीसारखा पुढे झुकला, तिच्या नाकावर बसवलेल्या जड फ्रेममधलं एक भिंग काढून दुसरं अडकवलं आणि म्हणाला, "आता सांगा. आधीपेक्षा बरं, का वाईट?" म्हातारीने मान मागे नेली. खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं तरी ती आणखी मागे जायला बघत होती. मग सरळ म्हणाली, "डॉक्टर, राग मानू नका. तुमच्या तोंडात काहीतरी नासलंय."

तो डॉक्टर नव्हता. चष्म्याच्या दुकानात मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून नंबर काढायचं त्याचं काम. गिऱ्हाईकं त्याला डॉक्टर म्हणायची आणि त्याने कधी कुणाला दुरुस्त केलं नव्हतं. कोपऱ्यातल्या स्टुलावरून म्हातारीची सून ओरडली, "आई! काय बोलताय!" म्हातारी शांत होती. "अगं, खरं तेच सांगतेय. आमच्या ह्यांच्या तोंडाला असाच वास यायचा. सगळे गप्प बसले. मीपण बसले. मग गेले ते." "कशाने गेले?" त्याच्या तोंडून निघून गेलं. "हार्टने." तो हसला. "आजी, हार्टचा आणि तोंडाचा काय संबंध?" "ते मला काय माहीत? मी वास सांगितला. आणि हे भिंग बदला, हे आधीपेक्षा वाईट आहे."

त्याला लगेच सुचलं, त्याला नेहमीच लगेच सुचायचं. सुनेकडे वळून तो म्हणाला, "सासूबाईंचे डोळे गेले तरी नाक शाबूत आहे, तुमचं घरात काही लपत नसेल." सून हसली नाही. ती भिंगांच्या पेटीकडे बघत होती आणि तिचं तोंड किंचित उघडं होतं. उघड्या गटाराजवळून जाताना माणूस नाक न दाबता, कुणाला कळू न देता तोंडाने श्वास घेतो, तसं. तिला वाटत होतं की अंधारात आपण दिसत नाही. पण त्याचा सगळा जन्म अंधारात लोकांचे चेहरे बघण्यात गेला होता. त्याने भिंग बदललं, चौथी ओळ वाचून घेतली, नंबर लिहून दिला. त्या दोघी गेल्यावर त्याने दार लावलं, दोन्ही हातांची ओंजळ नाकातोंडावर धरून श्वास सोडला आणि हुंगला. त्याला काही म्हणजे काहीच वास आला नाही. त्यामुळेच तो घाबरला. जो वास एका परक्या म्हातारीला क्षणात आला तो त्याला स्वतःला येत नव्हता. म्हणजे तो इतका जुना होता की त्याच्या नाकाने त्याला घरातला माणूस मानून टाकलं होतं.

मग त्या बंद खोलीत एकेक गोष्ट आपली जागा सोडून त्याच्याकडे चालत आली. काउंटरवरची पेपरमिंटच्या गोळ्यांची वाटी. मालकाने ती ठेवली तेव्हा म्हणाला होता, गिऱ्हाइकांसाठी आहे, पण तुम्ही घेत जा, मोकळेपणाने घ्या, रोज घ्या. त्याला वाटलं होतं, मालकाच्या मनात आपल्याबद्दल जरा ओलावा आहे. नंतर नंबर काढणाऱ्याने मास्क लावायचा असा नियम आला. दुकानात नंबर काढणारा तो एकटाच होता. मास्क लावला की स्वतःचाच श्वास चष्म्यावर चढून भिंगं धुरकट होतात म्हणून आठवड्याभरात त्याने तो खिशात घातला, आणि मालकाने काही न बोलता खोलीत टेबलफॅन आणून ठेवला, गिऱ्हाइकाच्या मागे, वारा गिऱ्हाइकाकडून त्याच्याकडे येईल असं तोंड करून. पंख्याची ती दिशा त्याने कितीदा बदलली होती आणि कितीदा ती परत तशीच झालेली सापडली होती. डोळ्यात बघायची बॅटरी लावून तो गिऱ्हाइकाच्या गालाला गाल लागेल इतका जवळ जायचा, डोळ्याच्या पडद्यावरच्या शिरा बघायचा, तेव्हा लोकांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि तो म्हणायचा, उजेड आहे, सहन करा. ते उजेडाचं पाणी नव्हतं. लोक श्वास रोखून बसलेले असायचे. त्याला आठवली ती माणसं, खुर्चीचे हात घट्ट धरून बसलेली, सुटका झाल्यासारखी उठून जाणारी. त्याला वाटायचं, लोकांना डोळ्यांची भीती वाटते.

आणि मुलगी. ती दुसऱ्या गावी नोकरीला. फोनवर चेहरा दिसायचा तेव्हा तासभर बोलायची, बाबा हे, बाबा ते, आणि घरी आली की दारातच बाजूने एक हात खांद्यावर टाकून सुटायची, जसं काही तिला पलीकडून कुणी हाक मारत होतं. लहानपणी ती त्याच्या छातीवर झोपायची. कधी थांबली ते? त्याने कधी तारीख ठेवली नव्हती. मुली मोठ्या होतात, असं म्हणून त्याने ते पान उलटलं होतं. रविवारी पत्ते खेळायला येणारा त्याचा जुना मित्र, तो पूर्वी शेजारी बसायचा आणि पानं चोरून बघायचा. मग समोर बसायला लागला, मग खिडकीत, मग यायचाच थांबला. बायकोची तब्येत, म्हणाला. त्याने त्या मित्राचं नाव 'बायकोचा मदतनीस' ठेवलं होतं आणि भेटेल त्याला सांगितलं होतं. आता त्याला त्या सगळ्यांचा एकदम, पोटातून, संताप आला. इतकी माणसं. कुणी खाल्ल्या मिठाला जागणारं नाही. सगळ्यांनी मिळून, अतिशय सभ्यपणे, आपापलं नाक सांभाळलं होतं. त्याच्या अंगात संध्याकाळची कणकण होती, ती गेल्या कित्येक आठवड्यांपासून रोज यायची, घामाने बनियन ओला व्हायचा आणि पँटचा पट्टा एकेक भोक आत सरकत चालला होता. घरचा डॉक्टर, जो त्याच्या लग्नाआधीपासून त्याला गोळ्या देत होता, म्हणाला होता, वय झालं, दगदग कमी करा. त्याने जीभ बघितली होती. जिभेच्या आजूबाजूला काय आहे हे त्यानेही बघितलं नव्हतं.

दातांचं त्याच्या घरात कुणालाच काही वाटायचं नाही. आई चाळिशीत बोळकी झाली होती आणि हसताना तोंडाला रुमाल लावायची. लहानपणी त्याची दाढ ठणकली की ती लवंग दाबून द्यायची आणि म्हणायची, दातदुखीने कुणी मेलंय का? ह्या वाक्याने त्याच्या सगळ्या दुखण्यांची बोळवण झाली होती. उजवीकडे दुखायला लागलं तेव्हापासून तो डावीकडून जेवायचा. ब्रश केल्यावर बेसिनमध्ये गुलाबी फेस दिसायचा, तर तो ब्रशला शिव्या द्यायचा. सफरचंद चावलं की पांढऱ्या गरावर लाल ठसा उमटायचा, तो प्रश्न त्याने सफरचंदं सोडून सोडवला होता. पुढचा एक दात हलायचा, आणि विचार करताना तो जिभेने हलवत बसायची सवय त्याला प्रियच झाली होती. त्या दिवशीही त्या अंधाऱ्या खोलीत बसून तो दात हलवत होता, आणि त्याला पहिल्यांदा चव कळली. गंजलेल्या नळाच्या पाण्यासारखी, आणि तिच्या मागे काहीतरी गोडसर.

दुसऱ्या दिवशी तो दातांच्या दवाखान्यात गेला, दुकानापासून लांबच्या, ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा गल्लीतल्या. दातांची डॉक्टर पन्नाशीची बाई होती, जाड मनगटांची, चेहऱ्यावर मास्क आणि वर जाड काच. जाड काच बघून त्याला पहिल्यांदा बरं वाटलं. इथे निदान सोंग नव्हतं. तिने आरशाची दांडी तोंडात घातली, हिरडीवर बोट दाबलं आणि बोट बाहेर काढून दिव्याखाली धरलं. हातमोज्यावर पिवळसर काहीतरी होतं. "ब्रश करताना रक्त येतं?" "सगळ्यांनाच येतं की." "तुम्ही काय काम करता?" "डोळे तपासतो." "मग डोळ्यातून रोज सकाळी रक्त आलं असतं, तर काय केलं असतं?" त्याने जिभेने तो हलणारा दात ढकलला. "ताप येतो?" तिने विचारलं. त्याला नवल वाटलं. "संध्याकाळी. पण त्याचा ह्याच्याशी—" "हात बघू." तिने त्याचा हात उलटा करून दिव्याखाली नेला. नखांच्या आत, लाकडाची कुसळं शिरावीत तशा, बारीक काळपट रेषा होत्या. त्याने त्या पाहिल्या होत्या. फ्रेमचे स्क्रू पिळताना लागलं असेल, असं धरून चालला होता. तिने हात खाली ठेवला, मोजे काढले आणि खुर्ची सरळ केली.

"आज मी तुमच्या एकाही दाताला हात लावणार नाही," ती म्हणाली. "का?" "हिरड्या म्हणजे उघडं दार झालंय. घास चावलात, ब्रश केलात, की तिथले जंतू सरळ रक्तात जातात. चांगल्या माणसाचं रक्त त्यांना मारून टाकतं. पण हृदयाची एखादी झडप आधीच जरा वाकडी असेल, तर ते तिथे घर करतात. तुम्हाला लहानपणी सांधे सुजून ताप आला होता?" आला होता. आईने शाळा बुडवून महिनाभर घरी ठेवलं होतं. "ते सांधे बरे होतात. झडप विसरत नाही," ती म्हणाली, आणि त्याच्यासमोरच मोठ्या हॉस्पिटलात फोन लावला. तो जिना उतरताना त्याच्या मनात आलं की आपण दुकानात रोज चार जणांना सांगतो, डोळ्यात शिरा फुटल्यात, साखर तपासून घ्या, आणि लोक आ वासून बघतात, डोळ्याचा आणि साखरेचा काय संबंध. तेव्हा आपल्याला किती बरं वाटतं.

घरी बायको कपड्यांच्या घड्या करत होती. तो उभ्या उभ्याच म्हणाला, "माझ्या तोंडाला वास येतो?" तिने हातातल्या शर्टाची बाही आत दुमडली. "येतो." "कधीपासून?" "बरीच वर्षं झाली." इतक्या सहज, जसं कुणी सांगावं, हा नळ कधीपासून गळतो. "मग सांगितलं का नाहीस?" तिने शर्ट ढिगावर ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. "सांगून काय झालं असतं?" ती म्हणाली. त्याला भांडायचं होतं, पण हुडहुडी भरून आली, आणि ती पांघरूण आणायला गेली. तिची सगळी कामं अशी वेळेवर असायची. त्यामुळे तिच्याशी भांडण कधी पुरतं व्हायचं नाही.

हॉस्पिटलात त्याचं रक्त पुन्हा पुन्हा काढलं. मग हृदयाची सोनोग्राफी केली. डॉक्टरांनी पडदा त्याच्याकडे वळवून दाखवला: करड्या धुरात त्याची झडप उघडमीट करत होती, आणि तिच्या कडेला काहीतरी लोंबत होतं, वाऱ्यात फाटक्या पडद्याची चिंधी हलावी तसं. "हे तुमच्या हिरड्यांतून आलंय," डॉक्टर म्हणाले. त्याला ती चिंधी ओळखीची वाटली. आपल्याच तोंडातलं काहीतरी, आपल्याला न कळता गिळलेलं, हृदयात जाऊन बसलेलं. डोळ्यांचे डॉक्टर आले, जंतू डोळ्यापर्यंत पोचलेत का ते बघायला बॅटरी लावून त्याच्या डोळ्यात वाकले. आता तो खुर्चीच्या ह्या बाजूला होता. डॉक्टर तरुण होता, गाल गुळगुळीत. त्या मुलाने डोळ्याच्या पडद्यावरचे रक्ताचे ठिपके शोधता शोधता श्वास रोखला, आणि तो बराच वेळ रोखलेला राहिला. इतक्या जवळून त्याला त्या मुलाच्या गळ्याची शीर उडताना दिसत होती. त्याला ओरडावंसं वाटलं, सोड, श्वास सोड, मला माहीत आहे. पण तोही गप्प बसला. सभ्यपणा किती सोपा असतो हे त्याला तेव्हा कळलं.

शिरेतून औषधं चालू राहिली, आठवड्यांमागून आठवडे. ताप उतरला, पण झडप खाल्ली गेली होती ती गेलीच होती. ती बदलायला हवी, आणि त्याआधी दात काढायला हवेत, नाहीतर नवी झडपही नासेल. वाचवण्यासारखा एकही दात नव्हता. भूल देऊन त्यांनी ते टप्प्याटप्प्याने काढले आणि मग छाती उघडली. शुद्धीवर येता येता त्याला पहिल्यांदा जो आवाज ऐकू आला तो घड्याळाचा होता. नर्सला त्याने बोळक्या तोंडाने विचारलं, घड्याळ कुठे आहे. ती हसली. "काका, घड्याळ नाही, ती तुमची नवी झडप. धातूची आहे ना. तोंड उघडलं की जास्त ऐकू येते. मिटलं की दबते." त्याने तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. टक, टक, टक. तोंड आणि हृदय ह्यांच्यात काहीतरी वाट आहे, हे आता कुणी पटवून द्यायची गरज नव्हती.

त्या अंथरुणावर पडल्या पडल्या त्याच्या डोक्यात एक विचार रुजला आणि बघता बघता त्याने सगळं डोकं व्यापलं. हे सगळं दातांमुळे झालं. ताप आणि झडप तर झालीच, पण बाकीचंही. मुलीची एका हाताची मिठी, मित्राची खिडकी, मालकाचा पंखा, बायकोशी ती पुरती न होणारी भांडणं, घरातली ती शांतता जिला तो संसार म्हणत आला होता. सगळ्याच्या मुळाशी हिरडीतला पू. किती साधं होतं! माणसाला आपलं आयुष्य का बिघडलं ते कळत नाही, आणि त्याला ते क्ष-किरणांच्या फिल्मवर दाखवता येत होतं. त्याला ह्या विचाराने जवळजवळ आनंद झाला. त्याचा स्वतःचा ह्यात काही संबंध नव्हता. संबंध होता तो जंतूंचा. आणि जंतू आता मेले होते. तो छातीवर उशी दाबून खोकायचा, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या गिळायचा आणि घरी जायची वाट बघायचा, नव्या नवऱ्यासारखी.

घरी येऊन महिना झाल्यावर कवळी बसली. दात एकसारखे, पांढरे, त्याच्यापेक्षा तरुण. बायकोने सगळं चोख केलं होतं: पातळ खिचडीसारखं शिजवलेलं अन्न, गोळ्यांच्या वेळा, जखमेची पट्टी, मुलगी भेटायला आली तेव्हा तिच्यासाठी गादी. मुलगी ह्या वेळी त्याच्याजवळ बसली होती, हात हातात घेऊन, आणि त्याने मनात टिपून ठेवलं होतं: बघा. मग एका दुपारी, ऊन खिडकीच्या गजांतून जमिनीवर आलेलं, बायको त्याच्या पलंगाशी खुर्ची ओढून औषधाच्या पट्ट्या कापत बसली असताना, त्याने तो विषय काढला. बरेच दिवस तो वाक्यं जुळवत होता. त्याला वाटत होतं की तो मोठ्या मनाने बोलतोय.

"माझा तुझ्यावर राग नाही," तो म्हणाला. "आधी होता. पण आता मी विचार केला. तुझी चूक नाही. इतकी वर्षं तू लांब लांब राहिलीस, माझ्याशी धड बोलली नाहीस, मी जवळ आलो की तुला काहीतरी काम निघायचं. मी म्हणायचो, हिला माझ्याबद्दल काहीच वाटत नाही. पण ते तसं नव्हतं. वासच तसा होता. कुणीही तेच केलं असतं."

कात्रीचा आवाज थांबला. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर आधी जे आलं ते हसू होतं की काय, असं त्याला वाटलं.

"तुम्हाला खरंच असं वाटतं?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"वासाचं काय एवढं? माझे वडील अंथरुणाला खिळले होते, त्यांचं सगळं मी काढलंय. वासाची सवय होते हो. मी खिडकी उघडायची, जायचा वास." तिने कापलेल्या गोळ्या एका डबीत भरल्या, झाकण लावलं. तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही तोंड उघडलं की मी उठून जायची, ते खरं आहे. पण ते तुम्ही काय बोलायचात त्याच्यामुळे. माझ्या रंगावर, माझ्या भावावर, माझ्या शिक्षणावर. चार माणसं बसली की मी तुमच्या गमतीला असायची. पोरगी पण तेव्हाच उठून आत जायची, तुम्ही बघितलं नाहीत कधी? बोलण्याला कुठली खिडकी उघडणार होते मी?"

"मग वासाचं तरी सांगायचंस," तो म्हणाला. "मी मेलो असतो."

"हो," ती म्हणाली. "ते माझं चुकलं." आणि मग, स्वतःशीच हिशेब लागावा तशी, "सांगावंसं वाटलंच नाही. खरं सांगते. वाटायला हवं होतं."

त्याला सुचलं. अशा वेळी त्याला नेहमीच सुचायचं, धारदार, एका वाक्यात समोरच्याला उभं चिरणारं, आणि आताही ते अगदी तयार, जिभेच्या टोकावर आलं. त्याने तोंड उघडलं. नव्या दातांच्या मागे जीभ अडखळली, जागा शोधत राहिली, आणि त्या दुपारच्या शांत खोलीत त्याच्या उघड्या तोंडातून शब्दांच्या ऐवजी तेवढाच आवाज आला: टक, टक, टक. दोघंही तो ऐकत राहिली. मग बायको उठली, डबी फळीवर ठेवली.

"मिटा तोंड," ती म्हणाली. "झोपा जरा. जेवणाआधीची गोळी चुकवू नका."